यंत्रहोडी मध्येंच थांबली तर

पेट्रोलवर चालणारी होडी मुलांमाणसांसह भर खाडींत एकाएकी बंद पडली, तर प्रथम नांगर टाकावा, असें आम्ही आग्रहानें सांगतों. अन्यथा निदान होईपर्यंत होडी खडकांवर जावयाची. धुरावरून अग्नि जाणावा, तद्वत् थांबण्याच्या रीतीवरून कारण जाणावें. दिवा मालवावा तसें यंत्र क्षणांत थांबलें, तर दोष बहुधा विजेचा. चालकाची सुरक्षा-दोरी निसटली काय, हें आधीं पाहावें. आचके देत थांबलें, तर दोष इंधनाचा. टाकीचें झांकण सैल करतांच हवा आंत ओढली गेली आणि यंत्र पुन्हा सुरू झालें, तर हवेचें छिद्र बुजलेलें समजावें. हिसका बसून थांबलें, तर पंख्यांत जाळें अडकलें असावें. कारण न शोधतां कळ दाबीत राहणें म्हणजे बॅटरीलाहि मुकणें होय.