इंचाला सूत

श्रीरामपूर तालुक्यात प्रवरेच्या काठी वसलेल्या दायमाबाद येथे १९७४ साली एका शेतकऱ्याला जमीन उकरताना धातूच्या चार घनभरीव वस्तू सापडल्या. गेंडा, हत्ती, रेडा आणि दोन बैल जुंपलेली, उभ्या पुरुषाने हाकलेली दुचाकी गाडी अशा त्या चार वस्तू असून त्यांचे एकत्रित वजन साठ किलोंहून अधिक भरले. पुराणवस्तुशास्त्रज्ञ ज्या वस्तूला रथ म्हणतात ती ही गाडी सुमारे पंचेचाळीस सेंटिमीटर लांबीची असून तिची चाके भरीव आहेत, आणि पुष्कळ विद्वानांच्या मते ती उत्तर-हडप्पा काळातील, म्हणजे आजपासून सुमारे चार हजार वर्षांपूर्वीची आहे. आपल्या नगर जिल्ह्यातील एका कारागिराने रोजच्या व्यवहारातील वाहन पाहून, त्याचे प्रमाण मनाशी धरून, ते हातभर आकारात उतरवावे आणि तेवढ्या एका कृतीमुळे नांगरटीच्या त्या युगातील गाडीचे जू, दांडी, चाक व हाकणाऱ्याची उभे राहण्याची ढब आपल्याला आज कळावी, या घटनेचा जो अर्थ मला गेली दोन वर्षे एका लहानशा लाकडी गाडीवर काम करताना उमगत गेला, तो वाचकांपुढे मांडण्यासाठी हा लेख लिहीत आहे.

आमच्या घरची गाडी, जी वडिलांनी बाजारहाटासाठी, खत वाहण्यासाठी आणि सुगीत कणसे खळ्यावर आणण्यासाठी चाळीस वर्षे वापरली, ती गोठ्यामागे मोडकळीस आली असता तिची प्रतिकृती करावी असे मनात आले. प्रमाण एकास आठ ठरवले. गावातील वृद्ध सुतारमामांना, ज्यांच्या वडिलांनी ही गाडी घडवली होती, मी हे प्रमाण समजावून सांगू लागलो तेव्हा त्यांनी माझे बोलणे मध्येच थांबवले आणि म्हणाले, "एवढं काय सांगता भाऊ, इंचाला सूत म्हणा की." सुताराच्या मापात इंचाचा आठवा भाग म्हणजे एक सूत. त्यामुळे खऱ्या गाडीवर जितके इंच भरतील तितकी सुते प्रतिकृतीत घ्यायची, एवढाच हिशेब उरला. मी कागदावर मांडून ठेवलेले भागाकार त्या एका वाक्याने निरर्थक झाले, आणि हे ज्ञान किती संक्षिप्त, किती हाताशी येऊन बसलेले आहे याचा मला प्रथम प्रत्यय आला.

साटा, दांड्या, जू, शिवळा ही कामे तुलनेने सोपी. मन गुंतते ते चाकात. आमच्या गाडीचे चाक चार फूट व्यासाचे, म्हणजे प्रतिकृतीत अठ्ठेचाळीस सुतांचे. मध्ये तुंबा, त्यात बसवलेले बारा आरे, आणि आऱ्यांच्या टोकांवर वर्तुळ पूर्ण करणारे बाभळीचे सहा वक्र तुकडे, ज्यांना आमच्याकडे पुठ्ठे म्हणतात. प्रत्येक पुठ्ठ्यात दोन आरे. दहा इंची तुंब्याऐवजी सव्वा इंचाचा तुंबा हातात घेऊन त्याच्या परिघावर बारा चौकोनी भोके समान अंतराने पाडू लागले की मूळ सुताराने किंकऱ्याच्या प्रत्येक ठोक्यामागे किती विचार केला होता, ते कळते. भोके अंमळ मोठी झाली तर दोन भोकांमधील लाकूड फाटते, अंमळ लहान झाली तर आरा ठोकताना तुंबाच तडकतो. मामा सांगत की सरळ वाढलेल्या बाभळीला जेवढी किंमत, तेवढीच वाकड्या फांदीलाही, कारण वाकणाचा तुकडा पुठ्ठ्याला घेतला म्हणजे लाकडाचे रेषे चाकाच्या गोलाईबरोबर वळतात आणि पुठ्ठा सहजासहजी तुटत नाही. प्रतिकृतीसाठी मी अशा फांद्या शोधत ओढ्याकाठी पुष्कळ फिरलो. लाकूड लहान कापता येते, परंतु त्याचे रेषे लहान होत नाहीत. म्हणून करंगळीएवढ्या फांदीतून वाकण शोधावे लागते, आणि ती तसदी टाळून सपाट फळीतून गोल तुकडे कापले तर चाक दिसायला तेच होते, परंतु ते खोटे असते.

धाव चढवण्याचा प्रसंग मला अजून जसाच्या तसा आठवतो. खऱ्या चाकावर चढवायची लोखंडी धाव चाकाच्या परिघापेक्षा मुद्दाम इंचभर कमी ठेवतात. गोवऱ्यांच्या भट्टीत ती लाल तापली म्हणजे फुगते, तीन-चार माणसे सांडशीने उचलून ती चाकावर घालतात, वरून पाणी ओततात, आणि थंड होऊन आवळताना ती बारा आरे, सहा पुठ्ठे व तुंबा यांना असे एकजीव करते की खिळ्याची गरज राहत नाही. सुताराचे चाक लोहाराच्या हातून पुरे होत असे. लोखंडाचे फुगणे लांबीच्या प्रमाणात असते, म्हणून लहान धाव सूतभर कमी ठेवली की हिशेब जुळतो. परंतु अर्ध्या सुताची पातळ पट्टी भट्टीतून चाकापर्यंत नेईतो निवते, हे मला पहिल्या तीन पट्ट्या वाया गेल्यावर समजले. चौथ्या खेपेस चाक भट्टीच्या अगदी शेजारी मांडून ठेवले. पाणी पडताच आऱ्यांच्या सांध्यांतून एक बारीक करकर ऐकू आली, आणि तोवर हातात किंचित डळमळणारे ते चाक दगडासारखे घट्ट झाले. कोणतेही छायाचित्र, कोणतीही चित्रफीत हा सांधा दाखवू शकणार नाही, कारण तो लाकडाच्या आत आहे. जो घडवतो त्यालाच तो दिसतो. उन्हाळ्यात लाकूड वाळून आकसले की धाव सैल पडे, आणि मग चाके काढून डोहात किंवा विहिरीच्या थारोळ्यात फुगत ठेवत. सीना नदीचे पात्र जेथे माघातच कोरडे पडते त्या मुलखात हे पाणीही कोणाच्या तरी परवानगीने मिळवावे लागत असेल, हा विचार मला चाक करताना पहिल्यांदा सुचला.

आता एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. ज्या गाडीला आपण पुरातन म्हणतो, ती तशी पुरातन नाही. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दख्खनमधील अनेक भागांत भरीव चाकांच्या, ओढायला अतिशय जड अशा गाड्या होत्या. इंदापूरच्या जमीनमोजणीच्या काळात गैसफर्ड नावाच्या लष्करी अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली सोलापूरकडील टेंभुर्णी येथे सुधारलेल्या हलक्या गाड्या तयार होऊ लागल्या आणि आऱ्यांची गाडी शेतकऱ्याच्या आटोक्यात आली. पुढे १८७८ मध्ये दौंड-मनमाड लोहमार्ग सुरू झाला तेव्हा नगरच्या पेठेतून होणारी लांब पल्ल्याची गाडीवाहतूक ओसरली, आणि गाडी शेत, गाव व बाजार या त्रिकोणात स्थिरावली. विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना १९५० च्या सुमारास गाळप करू लागला, आणि त्यानंतरच्या काही दशकांत साखरपट्ट्यात रबरी टायरची गाडी आली. पाथर्डी-शेवगावकडील ऊसतोड कुटुंबे थंडीच्या रात्री ज्या गाड्यांवर ऊस लादून कारखान्याच्या आवारात रांगेत उभी राहतात, त्या बहुधा याच. ती बैलांना ओढायला सोपी आहे, आणि बैलाच्या खांद्याची ज्याला कणव आहे त्याने तिच्याविषयी तक्रार करू नये. मला लाकडी चाक पुन्हा रस्त्यावर आणायचे नाही. ते कसे केले जात होते, एवढे कोठे तरी अचूक राहावे, ही माझी मागणी आहे.

आणि ते आज कोठेच नाही. इंग्रजी अंमलातील दफ्तरे चाळली तर गावोगावच्या नांगरांची, बैलांची व गाड्यांची संख्या मिळते. जमाबंदीच्या कागदांना तेवढीच गरज होती. गाडी किती, हे लिहिले गेले. गाडी कशी, हे लिहिण्याचे फारसे कोणाच्या मनात आले नाही, कारण ते ज्ञान ज्यांच्यापाशी होते ते सुतार व लोहार बलुतेदार होते आणि लेखणी त्यांच्या हाती नव्हती. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली ग्रामव्यवस्थेवर जो ग्रंथ प्रसिद्ध केला त्याचे नाव त्यांनी 'गावगाडा' ठेवले, यावरून हे वाहन मराठी मनात किती खोलवर रुतलेले होते ते दिसते. आपण आजही चाकोरीतून जातो, चाकोरी सोडतो; परंतु चाकोरी म्हणजे एकाच अंतराने बांधलेल्या असंख्य गाड्यांच्या चाकांनी मातीत कोरलेली जोडरेघ, आणि ज्याच्या गाडीचे दोन चाकांमधील अंतर निराळे असेल त्याची गाडी त्या रेघेत कलती होऊन चाले, हे माझ्या मुलाला मी चाके आखावर चढवून वाळूत फिरवून दाखवीपर्यंत ठाऊक नव्हते.

नगर शहरात, ज्याचे व जिल्ह्याचे नाव आता अहिल्यानगर झाले आहे, १९९४ पासून लष्कराचे रणगाडा संग्रहालय आहे. देशोदेशींचे रणगाडे तेथे रांगेने, रंग देऊन, प्रत्येकाच्या नावाची व सालाची पाटी लावून ठेवले आहेत, आणि ते पाहून मला नेहमीच आदर वाटत आला आहे. परंतु ज्या जिल्ह्याने रणगाड्यांची एवढी उत्तम तजवीज पाहिली, त्याने आपल्या गाडीची, माणसे नेणाऱ्या दमणीची, छकड्याची तशी तजवीज करू नये, याचे मला दुःख होते. छकडा तरी शर्यतींमुळे वाचला. २०१४ मध्ये शर्यतींवर बंदी आली आणि २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने राज्याचा कायदा ग्राह्य धरला, त्यामुळे हलके छकडे आजही नवे बनतात. ओझ्याच्या गाडीला असा कैवारी नाही.

कोणी म्हणेल, खऱ्या गाड्याच जतन कराव्यात. जेथे शक्य असेल तेथे अवश्य कराव्यात. तथापि खरी गाडी छपराखाली ठेवली तरी तिला वाळवी लागते, ती मोठी जागा अडवते, आणि मुख्य म्हणजे तिचे सांधे उघडून दाखवता येत नाहीत. मापावर केलेली प्रतिकृती तीन अवस्थांत करून ठेवता येते: एक पूर्ण, एक अर्धी उघडी, एक सुट्या भागांत. दुकानांतून शोभेच्या बैलगाड्या मिळतात; त्यांच्या चाकांत आरे चिकटवलेले असतात, पुठ्ठे नसतात, धाव रंगवलेली असते, आणि मुले तीच खरी समजून मोठी होतात. म्हणून माझे म्हणणे असे की राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने आणि नगरच्या ऐतिहासिक वस्तुसंग्रहालयाने एकत्र येऊन दर तालुक्यातील एकेका गाडीची मोजणी करून घ्यावी, प्रत्येक भागाचे स्थानिक नाव त्या तालुक्याच्या उच्चारात नोंदवावे, आणि प्रतिकृती करण्याचे काम अभियंत्याला किंवा हौशी माणसाला न देता गावच्या सुतारालाच द्यावे, तेही मानधन म्हणून नव्हे तर पुऱ्या मजुरीवर, कारण आजवर या कारागिराला धान्याच्या बलुत्यावर आणि सणावारी मिळणाऱ्या सन्मानावर पुष्कळ राबवले गेले आहे. जिल्ह्याला एवढा खर्च झेपणार नाही असे मला वाटत नाही. झेपणार नाही तो विलंब. मामा आता ऐंशीच्या घरात आहेत. त्यांच्या हातून वाकस निसटतो, मापे मात्र निसटत नाहीत.

शेवगावकडील एका वस्तीवर दमणी आहे असे कळल्यावरून मी गेल्या महिन्यात तेथे जाऊन आलो. लोखंडाला भंगारात भाव येतो, लाकडाला येत नाही. त्यामुळे एका चाकाची धाव आधीच विकली गेली होती, आणि तिच्या आधाराशिवाय पुठ्ठे आऱ्यांवरून उतरून गोठ्याच्या भिंतीशी पडले होते. मी ते उचलून क्रमाने मांडले; सहापैकी पाच होते, सहावा चुलीत गेल्याचे घरच्या आजींनी सांगितले. दुसऱ्या चाकावरची धाव अजून जागेवर आहे. मालकाने ती दिवाळीपर्यंत न विकण्याचे कबूल केले आहे, आणि मामांना घेऊन मी येत्या रविवारी तेथे मापे घ्यायला जाणार आहे.