सोयाबीन वावरात, मग ताटात का नाही?

दिवाळीच्या आगेमागे सोयाबीन निघते, मळणी होते आणि पोती थेट बाजारात जातात. घरात किती किलो राहते? बियाण्यापुरते असेल तर असेल, स्वयंपाकघरात मात्र दाणाही जात नाही. या दाण्यात शंभरात जवळपास ४० भाग प्रथिने आहेत, म्हणजे तुरीच्या डाळीच्या दुपटीच्या आसपास. आणि इकडे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची शंभरात ३६ मुले वयाच्या मानाने कमी वजनाची निघाली.

हे सांगणारा मी काही पहिला नाही. १९३५ साली वर्ध्याच्याच मगनवाडीत गांधीजींनी सोयाबीन जेवणात घेऊन पाहिले आणि त्यावर 'हरिजन'मध्ये लिहिले. पुढे पीक जिल्हाभर पसरले, पण खाणे काही पसरले नाही.

आम्ही विस्तारवाले काय करतो? तक्ता टांगतो, प्रथिने किती ते सांगतो, पत्रक वाटतो आणि गाडीला किक मारतो. एका गावात असेच भाषण आटोपल्यावर एका आजीने विचारले, "साहेब, तुमच्या घरी खातेत का जी हे?" मला उत्तर देता आले नाही. माझ्याही घरी तेव्हा सोयाबीनची पोळी होत नव्हती.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत मांसाची टंचाई होती. जनावराचे हृदय, गुर्दे हे भाग लोकांनी खावेत असे सरकारला वाटे, पण लोक नाक मुरडत. कर्ट लेविन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने गृहिणींचे गट केले. काही गटांना चांगले व्याख्यान दिले. बाकीच्यांना आपसात बोलू दिले आणि शेवटी, येत्या आठवड्यात कोण करून पाहणार, म्हणून हात वर करायला लावले. व्याख्यान ऐकलेल्यांपैकी शंभरात ३ जणींनी नवा पदार्थ केला, आपसात बोलून ठरवलेल्यांपैकी ३२ जणींनी. बोलताना अडचणी कोणत्या निघाल्या? नवऱ्याला आवडत नाही, शिजताना वास येतो. आपल्या बाया सोयाबीनबद्दल हेच तर सांगतात!

म्हणून सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना विनंती आहे. ग्रामसभेआधीच्या महिला सभेत एकदा हा विषय घ्या, पण भाषण नको. अंगणवाडी ताईंनी दोन पोळ्या करून आणाव्यात, बायांनी खाऊन पाहाव्यात, नावे ठेवायची तर ठेवावीत. मग हात वर करू द्या. पुरुषमंडळींनाही चाखायला बोलवा. घरी ताट सरकवणारे आपणच असतो.

आणखी एक, ठरवायचे ते मळणीच्या दिवशीच. पोती शिवण्याआधी दहा किलो दाणा वेगळा काढून घरात नेला, तर तो खाल्ला जातो. एकदा विकला की बाजारातून विकत आणून कोणी खात नाही, मीही आणला नसता.

आता रीत. दाणा निवडून उकळत्या पाण्यात २० ते २५ मिनिटे उकळा, ते पाणी फेका, दाणा उन्हात कडक वाळवा आणि चोळून टरफल काढा. कच्चा दाणा दळू नका. त्यातला प्रथिने पचू न देणारा घटक उष्णतेनेच जातो आणि वासही बराच कमी होतो. नऊ किलो गव्हात एक किलो सोयाबीन मिसळून मगच चक्कीवर न्या. नुसते सोयाबीन तेलकट असते, दगडाला चिकटते आणि चक्कीवाला पुन्हा उभे करत नाही. पीठ पंधरवड्यापुरतेच दळा, जास्त दिवस ठेवले तर खवट होते. आणि घरात पेरणीचे उरलेले, औषध चोळलेले बियाणे असेल तर ते धुऊनसुद्धा खाण्यात घेऊ नका, जनावरालाही घालू नका.