पिल्किंग्टन
पिल्किंग्टन ही इंग्लंडमधील सेंट हेलेन्स येथे १८२६ साली स्थापन झालेली सपाट काच उत्पादक कंपनी आहे. वितळलेल्या कथिलावर काचरस पसरवून दोन्ही बाजूंनी गुळगुळीत काच बनवण्याची 'फ्लोट' पद्धत तिने १९५९ साली जाहीर केली. त्यामुळे काच घासून चकाकी आणण्याचा खर्च वाचला. कंपनीने या पद्धतीचे परवाने इतर उत्पादकांना दिले व त्यातून मोठे उत्पन्न मिळवले. १९८०च्या दशकात तिने जर्मनीतील फ्लाखग्लास आणि अमेरिकेतील लिबी-ओवेन्स-फोर्ड या कंपन्या ताब्यात घेतल्या. परंतु परवान्यांमुळे तेच तंत्र प्रतिस्पर्ध्यांच्याही हाती गेले. २००६ साली, पूर्वी हाच परवाना घेतलेल्या व आकाराने लहान असलेल्या निप्पॉन शीट ग्लास या जपानी कंपनीने पिल्किंग्टन विकत घेतली. फ्लोट भट्टी वर्षानुवर्षे अखंड पेटती ठेवावी लागत असल्याने आता इंधनाचा प्रश्न कळीचा ठरला आहे. २०२१ साली सेंट हेलेन्स येथे नैसर्गिक वायूऐवजी हायड्रोजन वापरण्याची चाचणी झाली.