अलीकडचे वाचन

पुस्तक वाचून संपले की ते कोणाच्या हाती द्यावे, एवढाच प्रश्न मी स्वतःला विचारतो. उत्तर चटकन सुचले, तर ते पुस्तक माझ्या लेखी चांगले. गेल्या दोन महिन्यांत वाचलेल्या चार पुस्तकांविषयी थोडेसे.

स्मृतिचित्रे (लक्ष्मीबाई टिळक) : हे पुनर्वाचन. १८९५ मध्ये नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि लक्ष्मीबाईंचा संसार मुळापासून हादरला. एवढे दुःख सांगतानाही ही बाई स्वतःकडे पाहून हसते. पतीवर रागावते, पण त्याला लहान करीत नाही. शालेय शिक्षण जवळजवळ नसताना इतके निर्मळ गद्य लिहिता येते, हे आम्हां शिक्षकांनी ध्यानात ठेवावे. सासरी निघालेल्या मुलीला हे द्यावे. नव्या जावयाला तर अवश्य द्यावे.

जीवनसेतु (सेतुमाधवराव पगडी) : निजामाच्या राज्यात अधिकारी असलेल्या पगडींनी गोंडी व कोलामी या भाषांचा अभ्यास करून त्यांची व्याकरणे लिहिली. ज्यांच्यावर अंमल चालवायचा त्यांची भाषा आधी शिकावी, ही त्यांची वृत्ती मला त्यांच्या विद्वत्तेहून मोठी वाटते. घरातील पगडी आणखी भेटावयास हवे होते, ही माझी तक्रार. नव्याने नोकरीस लागलेल्या तरुणास द्यावे.

एक होता कार्व्हर (वीणा गवाणकर) : गुलामीत जन्मलेल्या, पुढे भुईमुगावरील संशोधनाने नावाजलेल्या शास्त्रज्ञाचे हे १९८१ मधील चरित्र. नायक फारच निर्दोष उतरला आहे, असे माझे मत. परंतु आठवीच्या वर्गात वाचून दाखविले तेव्हा तास संपल्याची घंटा कोणी मनावर घेतली नाही. मुलांचे मत माझ्या मताहून वजनदार मानतो.

आलोक (आसाराम लोमटे) : २०१६ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेला कथासंग्रह. शेतीची ओढाताण आणि गावातील सत्तेचे डाव लेखक आवाज न चढविता सांगतो. १९५६ मध्ये मराठवाडा हैदराबादपासून वेगळा झाला, तरी तिकडची बोली आपल्यापैकी कित्येकांच्या स्वयंपाकघरात टिकून राहिली. म्हणून हे पुस्तक आजीला वाचून दाखवावे, आणि वाचणारा नातू असावा.

येथेच अडते. आपली नातवंडे मराठी बोलतात, पण वाचीत नाहीत. मात्र ती शाळेत हिंदी शिकतात. म्हणजे देवनागरी त्यांना येते. आडवा येतो तो एक ‘ळ’. तो घरी एका संध्याकाळी शिकविता येईल. मग मुले वाचीत नाहीत, या तक्रारीत अर्थ उरणार नाही. आपण त्यांच्या हाती पुस्तक दिले का, एवढेच विचारावे लागेल.