गोळी कुणाला विचारून बंद केली?

परवा पंचवटीत काकांकडे गेले होते. दिवाळीत त्यांना अटॅक आला, स्टेंट टाकला. आता दात काढायचा म्हणून काकांनी रक्त पातळ करायच्या दोन्ही गोळ्या चार दिवस बंद ठेवलेल्या! सांगितलं कोणी? रामकुंडावर फिरायला येणाऱ्या मित्राने. "अगं, रक्त थांबत नाही म्हणे."

मला घामच फुटला. स्टेंट म्हणजे शेवटी धातूची जाळी. तिच्यावर आतलं अस्तर धरेपर्यंत गुठळी व्हायची भीती, आणि ती झाली तर जिवावरच बेततं. म्हणून अटॅकनंतर अ‍ॅस्पिरिनच्या जोडीला क्लोपिडोग्रेल किंवा तसली दुसरी गोळी साधारण वर्षभर देतात. रक्तस्रावाचा धोका असेल तर मुदत कमीही करतात, पण ते हृदयाच्या डॉक्टरांनी ठरवायचं. हिरडीवर कापूस दाबून धरता येतो हो, हृदयात काय दाबणार?

फेब्रुवारी २०१७ मध्ये सरकारने स्टेंटच्या किमती बांधल्या, औषध लावलेला २९,६०० रुपयांवर आणला. चांगलंच झालं. घरोघरी तेव्हा तीच चर्चा. गोळ्यांबद्दल मात्र काकांच्या डिस्चार्जच्या कागदावर एक ओळ, तीही इंग्रजीत! तिथे मराठीत, ठळक अक्षरात तारीख लिहायला काय जातं?

असो. काकांना तिथूनच डॉक्टरांना फोन लावायला लावला. गोळ्या लगेच सुरू. दात गोळ्या चालू ठेवूनच काढायचा ठरलाय. काका माझ्यावर अजून फुगलेत.