मेथीचा डोस किती, ते बोला!

"मेथी घ्या, डायबेटिस पळवा!" हा फॉरवर्ड कुठल्या ना कुठल्या ग्रुपवर येतोच. रात्री चमचाभर मेथ्या भिजत घालायच्या, सकाळी अनशापोटी ते पाणी प्यायचं आणि (हे शेवटी, ठळक अक्षरांत) गोळ्या बंद! पाठवणारा कोण, तर आपलाच इंजिनियर. टेस्टिंगशिवाय एक ओळ प्रॉडक्शनला जाऊ न देणारा हा माणूस स्वतःच्या वडिलांवर थेट प्रयोग करायला तयार!

मंडळी, आजीच्या बटव्यावर माझा राग नाही. मेथीत दम आहे, म्हणून तर चिडचिड होते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतल्या आर. डी. शर्मांच्या १९९० सालच्या अभ्यासात इन्सुलिनवरच्या रुग्णांची उपाशीपोटीची साखर मेथीने खरंच उतरली. पण डोस? तेल काढलेल्या मेथीची पूड, दिवसाला १०० ग्रॅम! तुमचा चमचा फार तर चार-पाच ग्रॅमचा. शिवाय रुग्ण मोजके, मुदत १० दिवस.

भिजल्यावर मेथी बुळबुळीत होते ना, तिथेच खरी गंमत आहे. तो चिकट तंतू जेवणातली साखर रक्तात सावकाश जाऊ देतो. म्हणजे पाणी पिऊन दाणे फेकणारे बहुतेक औषध कचऱ्यात टाकतात. असो.

आणि 'झाडपाला विरुद्ध केमिकल' हे भांडण तर निव्वळ फुकाचं. मेटफॉर्मिनचं मूळ शोधत गेलात तर गॅलेगा नावाच्या युरोपातल्या वनस्पतीपाशी पोचाल. मेथीच्याच कुळातली! तिच्यातलं साखर उतरवणारं द्रव्य विषारी निघालं, म्हणून रसायनशास्त्रज्ञ त्याच्या जवळपासची संयुगं बनवत राहिले. १९५७ मध्ये फ्रान्सच्या जाँ स्टर्न यांनी मेटफॉर्मिनचे रुग्णांवरचे निष्कर्ष छापले. एवढी मेहनत कुणी मेथीवर घेतली तर मला हवीच आहे.

"पण साइड इफेक्ट नाहीत ना!" कोण म्हणतं? जास्त झाली तर पोट बिघडतं, ते सोडा. आईने बाळंतपणाआधी खाल्लेल्या मेथीमुळे नवजात बाळाच्या अंगाला मेपल सिरपसारखा वास आला आणि डॉक्टरांना गंभीर आनुवंशिक आजाराची शंका आली, अशी उदाहरणं वैद्यकीय नियतकालिकांत छापलेली आहेत. जी गोष्ट पोटातल्या बाळापर्यंत पोचते, ती ग्लिमेपिराइडच्या जोडीला भरपूर घेतली तर साखर नको इतकी खाली जाऊ शकते.

डॉक्टर विचारतात, "आणखी काही औषध चालू आहे?" तेव्हा हाच फॉरवर्डवाला बिनधास्त "नाही" म्हणतो. मेथी काय, औषध थोडंच आहे!