विस्मृती आणि साथ

घरातील वयोवृद्ध माणूस तेच तेच विचारू लागला, जेवून उठताच ‘मला कुणी वाढले नाही’ म्हणू लागला, की आपण ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून हसून सोडून देतो. वस्तुतः हा म्हातारचळ नव्हे, मेंदूचा रोग आहे. त्यास स्मृतिभ्रंश म्हणतात. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी अंदाजानुसार, भारतात ६० व त्याहून अधिक वयाच्या सुमारे ८८ लक्ष माणसांना तो जडलेला आहे.

२५ मार्च २०२० पासून करोनाच्या साथीमुळे देशभर टाळेबंदी झाली. बऱ्हाणपुरातील मागांचा खडखडाट थांबला, बाजार ओस पडले, चर्चची दारे मिटली. आपणांस कारण ठाऊक होते. अशा रुग्णास ते सांगूनही क्षणभर टिकत नसे. त्याचा दिवस सवयीच्या आधाराने चालतो. ती तुटली की तो बावरतो, चिडतो, रात्री जागतो, कडी काढून बाहेर पडू पाहतो. त्यात मुखपट्टीने ओळखीचा चेहराही परका केला. कित्येक वृद्धांत करोनाचे पहिले लक्षण ताप नसून अकस्मात वाढलेला गोंधळ हे असे. घरच्यांना वाटे, जुनेच दुखणे बळावले.

हा सारा भार बहुधा एका स्त्रीवर पडतो: पत्नी, लेक अथवा सून. एरवी शेजारीण तासभर बसे, तेवढ्यात तिचा बाजारहाट उरके. साथीने तोही आधार हिरावला. जागरणाने जीव मेटाकुटीस येऊन तोंडून कठोर शब्द निघाला, की ती स्वतःस पापी समजते. बाई, थकणे हे पाप नव्हे. आणि भावांनो, चौथी आज्ञा एकट्या सुनेला दिलेली नाही. ती सर्व लेकरांना दिलेली आहे.

साथ पुन्हा आली तर काय करावे? चहा, स्नान, प्रार्थना यांच्या वेळा मोडू नयेत. दुरून का होईना, चेहरा दाखवून आपले नाव सांगावे. वाद घालू नये. खिशात पत्त्याची चिठ्ठी ठेवावी. वागणे एकाएकी पालटल्यास डॉक्टरांस दाखवावे. औषधांची माहिती घरातील दुसऱ्यासही असावी. पहिली व्यक्ती आजारी पडली तर कुणी पाहावे, हे आजच ठरवावे. वृद्धांसाठी शासनाचा १४५६७ हा निःशुल्क दूरध्वनी आहे.

मात्र साथीची वाट कशाला पाहावी? आपल्या गावात असे एखादे घर असेलच. या आठवड्यात तेथे तासभर जाऊन बसा, आणि त्या माउलीस निवांत झोपू द्या.